माजघरातली हिरवी भिंत: चौदा महिन्यांनंतर काय जगलं, काय गेलं

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर आमच्या माजघरात हिरवी भिंत उभी केली. चार फूट रुंद, सहा फूट उंच, ४८ कुंड्या, अकरा जातींची झाडं. त्या अकरातल्या पाचच जाती आज शिल्लक आहेत. भिंत फसली असं मात्र नाही, उलट आता ती पहिल्यापेक्षा दाट दिसते. चुकली ती झाडांची निवड, आणि ते कळायला एक उन्हाळा नि एक बेळगावी पावसाळा जावा लागला.

घर बेळगावच्या शहापुरातलं, जुनं, कौलारू. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं चिकटलेली, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे सोप्याला आणि मागे परड्याकडे. मधल्या माजघरात उजेड येतो तो छपरातल्या दोन काचेच्या कौलांतून. भिंत मातीची, म्हणून तिला खिळाही न मारता लोखंडी सांगाडा जमिनीवर उभा केला आणि मागे तीन इंच जागा सोडली. ओल्या कोकोपीटची (मातीऐवजी भरतात तो नारळाच्या काथ्याचा भुगा) एक कुंडी दीड किलोच्या आसपास भरते. अशा ४८ कुंड्या म्हणजे सत्तर किलो झाले, ते जुन्या भिंतीला कुणी टांगू नयेत. सांगाड्याबद्दल एवढंच.

बसवून देणाऱ्याने फोनमधला एक फोटो दाखवला आणि तसंच करून दिलं. वर मनीप्लांट आणि स्पायडर प्लांट, मध्ये क्रोटन नि कोलियस, त्याखाली फिटोनिया, स्नेक प्लांट, तळाला बोस्टन नेचा. पंधरा दिवस गल्लीतले लोक बघायला येत होते.

मग क्रोटननं पानं टाकायला सुरुवात केली. ते अंगणातलं झाड. ऊन मिळालं तरच त्याचा रंग टिकतो. कोलियस काडीसारखं उंच होत गेलं आणि फिकट पडलं. या दोघांचं फार वाईट वाटलं नाही. स्नेक प्लांटचं मात्र आश्चर्य वाटलं, कारण ‘हे मरतच नाही’ असं जो तो सांगत होता. एके सकाळी पान पुसायला धरलं तर ते मुळापासून अलगद हातात आलं. खालचं टोक मऊ, तपकिरी, कुजक्या बटाट्यासारखा वास. मरतच नाही ते कोरड्यात. माझ्याकडे सगळ्या कुंड्या एकाच ठिबकच्या नळीवर, दिवसातून दोनदा तीन-तीन मिनिटं पाणी. पुदिन्याइतकी तहान असलेलं झाड आणि निवडुंगाइतकी तहान असलेलं झाड एका नळीवर नांदत नाही. झाड घ्यायला जाताना पहिला प्रश्न रंगाचा नाही, तहानेचा विचारायचा, हे मला नर्सरीत कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसरं म्हणजे उजेड. आमची भिंत खोलीच्या उत्तरेला आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा काचेच्या कौलातून येणारा उन्हाचा चौकोन दुपारी थेट झाडांवर चढतो. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर, तेव्हा तोच चौकोन खाली फरशीवर पडतो आणि झाडं सावलीत राहतात. उन्हाळ्यात भिंतीला भरपूर उजेड मिळेल असं मी धरून चालले होते, झालं उलटंच. जुलैत तर कौलावर शेवाळ आणि वर ढग. फोनमधल्या ॲपने भरदुपारी मोजलं तेव्हा मधल्या ओळीत १५० लक्ससुद्धा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) नव्हते. शेवटी छताजवळ वीस-वीस वॅटच्या दोन एलईडी ट्यूब लावल्या, बारा तास चालू. दिवसाला अर्ध्या युनिटाला थोडं कमी, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. ज्यांचं बिल गृहज्योती या कर्नाटकाच्या मोफत विजेच्या योजनेत शून्य येतं त्यांनी हा हिशेब आधी करावा. सवलत २०० युनिटपर्यंत असली तरी आपल्याला मिळतात ते २०२२-२३ च्या सरासरीवर थोडे वाढवून. आमचं शून्य गेलं.

ट्यूब वरती, ठिबकचं जास्तीचं पाणी खालती. त्यामुळे एकाच भिंतीवर दोन हवामानं झाली: वर उजेड आणि कोरडं, तळाला अंधार आणि चिखल. वरच्या पाच कुंड्यांचं पाणी आणि खताचे क्षार सहावीत उतरतात. बोअरचं पाणी वापरत होतो तेव्हा तळाच्या कुंड्यांच्या काठावर पांढरं पोपडं धरायचं. आता वरच्या दोन ओळींत स्पायडर प्लांट आणि पेपेरोमिया आहेत, मध्ये फिलोडेंड्रॉन, त्याखाली सिंगोनियम. मनीप्लांट कुठेही जगतो, पण त्याला सगळ्यात वर लावू नका. त्याच्या वेली खाली लोंबल्या की खालच्यांचा उजेड जातो, दर तीन आठवड्यांनी कात्री घेऊन बसावं लागतं. मी मनीप्लांट कडेला सरकवलाय.

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळा घेत नाही, पावसाळा घेतो. जूनच्या मध्यापासून हवाच इतकी ओली की कोकोपीट वाळेना. आणि आमचा टायमर जुन्या पद्धतीचा, चकतीचा. लाइट गेली की थांबायचा, आली की तिथून पुढे. दोन दिवसांत पाच-सहा तास मागे पडून पंप मध्यरात्री सुरू व्हायचा. घरातल्यांना वाटायचं कौल गळायला लागलं. फिटोनिया त्याच पंधरवड्यात गेली. मग काळी बारीक चिलटं आली, चहाच्या कपात पडायची. औषध मारून पाहिलं, खरा उपाय पाणी तोडणं हाच निघाला. पंप बंद, चौथ्या दिवशी बोट खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच तांब्याने पाणी. जोडीला पिवळे चिकट कागद. तीन आठवड्यांत चिलटं गेली. त्याच दिवसांत आशाताई डासांच्या अळ्या तपासायला आल्या आणि बॅटरी घेऊन सरळ पंपाच्या टाकीत डोकावल्या. अळ्या नव्हत्या, पण झाकणाला फट होती. तेव्हापासून वर मच्छरदाणीचं कापड बांधलंय.

बोस्टन नेचा एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यातच काड्या होऊन गेला होता. मी दुसरा आणायच्या बेतात असताना सासूबाई परड्यातल्या विहिरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तिकडं हिरीत बघ की. कोण पाणी घालालंय त्या नेच्याला?” विहिरीच्या आतल्या दगडांत वर्षानुवर्षं नेचा आहे. ऊन नाही, माती नाही, नुसती ओल. पॅट्रिक ब्लांक या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने धबधब्याशेजारच्या खडकांवर वाढणारी झाडं बघूनच आपल्या भिंती रचल्या, हे मी वाचलं होतं. आणि घरची विहीर मला दिसली नव्हती! चार रोपं काढली, तळाच्या ओळीत लावली. नऊ महिने झाले, एकही गेलं नाही. फक्त जांबोटी-चोर्ल्याच्या रानातून उपटून आणू नका. घरच्या ओलीत उगवलंय तेच घ्या.

पाणीही आता विहिरीचंच. खत म्हणजे दुकानातलं एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी. जुलै-ऑगस्टात तेही नाही.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर एक गोष्ट. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, पीस लिली ही सगळी अळवाच्या कुळातली. कच्चं अळू खाल्लं की घसा खाजतो, तोच प्रकार यांच्या पानांत असतो, म्हणून तोंडाला आग होते. आमची नात आली तेव्हा खालच्या दोन ओळींतलं सिंगोनियम काढून तिथे नेचाच लावला.

हवा शुद्ध होते का, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. झाडं घरातली हवा शुद्ध करतात असं ज्याच्या आधारे सांगतात तो नासाचा १९८९ चा प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले, तर घराची दारं-खिडक्या जेवढं काम करतात तेवढं करायला चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. आमच्या माजघरात तेवढी मावली तर आम्ही कुठे बसायचं? एप्रिलच्या दुपारी खोली जरा गार वाटते, एवढंच मी छातीठोकपणे सांगेन.

पुन्हा करायचं झालं तर ४८ ऐवजी २४ कुंड्यांवर सुरू करीन, जानेवारीऐवजी सप्टेंबरअखेर. सध्या तीन कुंड्या रिकाम्या आहेत. चौथी होती, तिच्यात सासूबाईंनी मला न विचारता पानओवा खोवला, अगदी वर, ट्यूबखाली. त्या कुंडीला ठिबकची नळी लावू देत नाहीत, उरलेल्या चहाच्या भांड्यातलं धुवण घालतात. माझ्या हिशेबाने तो तिथे जगायला नको होता. श्रावणात त्याची दोनदा भजी झाली.