ब्लू मंडे: मूळ बारा इंची आणि नंतरचे रीमिक्स, नेमकी कोणती तबकडी घ्यावी?

न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडचं 'ब्लू मंडे' हे गाणं ७ मार्च १९८३ला मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने फॅक ७३ या क्रमांकाने काढलं. तेव्हा ते फक्त बारा इंची तबकडीवर मिळत होतं, सात इंची आवृत्तीच नव्हती. त्यानंतर १९८८चा रीमिक्स, म्हणजे तेच गाणं नव्याने जुळवून केलेलं रूप, आला, १९९५चे रीमिक्स आले, २०२०मध्ये रीमास्टर केलेली नवी तबकडी आली. एकच घ्यायची असेल तर मूळ मिक्सची बारा इंची घ्या. ती जुनी असो वा २०२०ची, मिक्स मात्र मूळच हवा. रीमिक्स वाईट नाहीत, पण या गाण्याचा जीव ज्या ओबडधोबडपणात आहे, तो प्रत्येक रीमिक्समध्ये थोडाथोडा घासला गेला आहे.

हा ओबडधोबडपणा म्हणजे काय, ते कान देऊन ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला फक्त ओबरहाइम डीएमएक्स ड्रम मशीनचा किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका. आधी मात्रेमात्रेला एक ठोका, मग अचानक चौगुनीत ठोक्यांची सर, आणि पुन्हा बरोबरीची लय. एवढ्यावरच गाणं ओळखू येतं. हळूहळू वर थर चढतात: मूग सोर्स सिंथेसायझरचा धावता बास, मग वरची धून, मग पीटर हुकची बास गिटार. हुक बास गिटार वरच्या पट्टीत वाजवतो, त्यामुळे खालची जागा सिंथ बासला मोकळी मिळते आणि दोन्ही बास एकमेकांच्या पायात येत नाहीत. गायक बर्नार्ड समनरचा आवाज येतो तो दोन मिनिटं उलटून गेल्यावर. साडेसात मिनिटांच्या गाण्यात दोन मिनिटं गायकाला ताटकळत ठेवायची हिंमत रेडिओसाठी गाणं करणाऱ्याला होत नाही. हे डान्स फ्लोअरसाठीच केलेलं आहे.

आता वरच्या सिंथच्या धुनेकडे लक्ष द्या. ती समेवर नीट बसत नाही, ठेक्यापासून किंचित सरकलेली वाटते. याचं कारण बँडमधल्या गिलियन गिल्बर्टने स्वतःच सांगितलं आहे. १९८२च्या शेवटी हे ध्वनिमुद्रण चालू होतं तेव्हा मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडण्याची सामायिक पद्धत, अजून बाजारात रुळायचं होतं. समनरने सुट्या भागांचा संच आणून जोडलेला पॉवरट्रान सिक्वेन्सर, म्हणजे भरलेले स्वर क्रमाने वाजवून घेणारं यंत्र, वापरायचा, तर प्रत्येक स्वर आकड्यांत, एकेक करून, हाताने भरावा लागे. गिल्बर्टने सगळे स्वर ए-फोर कागदांवर लिहून ते कागद एकमेकांना चिकटवले होते. भरताना एक स्वर सुटला आणि पुढची धून सरकली. ती चूक कुणी दुरुस्त केली नाही, आणि बरंच झालं. ठेका यंत्राचा, काटेकोर. त्यावर धून मात्र जरा बाजूला झुकलेली. त्या ताणामुळेच साडेसात मिनिटांची पुनरावृत्ती कंटाळवाणी होत नाही.

मध्ये येणारा मानवी कोरसचा थंड आवाज जर्मन बँड क्राफ्टवर्कच्या 'यूरेनियम'मधून घेतलेला आहे. त्यासाठी वापरलेला ई-म्यू एम्युलेटर सॅम्पलर, म्हणजे कुठलाही आवाज टिपून सुरांत वाजवणारं यंत्र, तेव्हा अगदी नवा होता. तो शिकताना समनर आणि ड्रमर स्टीफन मॉरिस यांनी तासन् तास पादण्याचे आवाज सॅम्पल केले, हेही गिल्बर्टनेच सांगून ठेवलं आहे. इतक्या गंभीर चेहऱ्याच्या गाण्यामागे हा उद्योग होता हे कळल्यावर तो कोरस ऐकताना चेहरा सरळ ठेवणं अवघड जातं.

दुसऱ्या बाजूला 'द बीच' आहे. तेच गाणं मोडून, शब्द बहुतेक काढून टाकून, प्रतिध्वनी आणि जागा वाढवून केलेला हा डब. याला भरताड समजू नका. किक आणि सिंथ बास किती स्वच्छ मुद्रित झालेत ते इथे जास्त नीट कळतं, आणि दोन प्रती असतील तर 'ब्लू मंडे' लांबवायला डीजेच्या हाताशी हीच बाजू येते.

तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांची आहे. बारा इंची म्हणजे ३३ असं हात सवयीने धरतो, तिथे घोटाळा होतो. मूळ गाणं १३० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १३० मात्रांच्या, आसपास आहे. ३३वर लावलं तर ते ९६वर उतरतं आणि पट्टी पाच अर्धस्वरांहून थोडी जास्त खाली जाते. पहिली दोन मिनिटं गाणारा आवाजच नसल्यामुळे नवख्याला हे कळतही नाही, 'गाणं जरा सुस्त आहे' एवढंच वाटतं. आधी वेगाचं बटण बघा, मगच सुई टेका.

४५चा फायदा कानाला लगेच जाणवतो. बारा इंचीच्या सर्वात बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ६९ सेंटिमीटर प्लास्टिक सरकतं. ३३वर तेच ५१ भरतं. लांबी जास्त मिळाली की उंच पट्टीच्या आवाजांना, म्हणजे हाय-हॅट आणि टाळीच्या आवाजाला, खाचेत पसरून बसता येतं. शिवाय जोरदार बाससाठी खाच आडवी जास्त हलते, म्हणून शेजारच्या दोन खाचांत अंतर लागतं. बारा इंचीच्या एका बाजूवर साडेसात मिनिटंच असली की हे अंतर सढळ हाताने देता येतं. हेच गाणं अल्बमच्या बाजूवर आणखी चार गाण्यांसोबत कोंबलं तर किक बसका होतो आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. तसं ब्रिटनमध्ये हे गाणं बँडच्या 'पॉवर, करप्शन अँड लाइज' या अल्बमच्या मूळ तबकडीवर नव्हतंच.

जुनी प्रत घेताना सगळ्यात आधी पहिले दहा सेकंद तपासा. क्लबमध्ये वाजलेल्या प्रतींचा डीजेने किकचा पहिला ठोका शोधायला तबकडी पुढे-मागे फिरवून तोच भाग झिजवलेला असतो. दिवा तिरका धरून बघितलं तर सुरुवातीच्या खाचा काळ्याभोर न दिसता करड्या दिसतात. वाजवल्यावर तिथे एकसारखी खरखर येते आणि गाणं पुढे गेलं की ती थांबते. ही झीज धुऊन जात नाही. ओळख मात्र सोपी आहे, कारण सुरुवातीला किक सोडून दुसरं काही नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत खरखर लपायला जागा नसते. सुई साध्या गोल टोकाची असेल तर तिच्याऐवजी लंबगोल किंवा त्याहून बारीक टोकाची लावून बघा. ती खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, त्यामुळे कधी कधी कमी झिजलेला भाग सापडतो आणि आवाज बराच सुधारतो. पण त्यावर भरवसा ठेवून जास्त पैसे मोजू नका.

आडवा ओरखडा असेल तर 'टक्' दर फेरीला, म्हणजे १.३३ सेकंदांनी येतो. या गाण्यात एक फेरी जवळपास २.९ मात्रांची भरते. त्यामुळे तो टक् किकखाली दडून राहत नाही. प्रत्येक फेरीला ठेक्याच्या थोडा आधी सरकत जातो आणि नऊएक फेऱ्यांनी पुन्हा ठेक्यावर येतो. दुसऱ्या एखाद्या गाण्यात खपून गेला असता असा लहानसा ओरखडाही इथे सतत टोचतो. नखाला लागणारा ओरखडा दिसला तर प्रत ठेवून द्या. बोटांचे ठसे आणि बारीक रेषा असतील तर घाबरायचं कारण नाही. लेबल कोरडं ठेवून नीट धुतली की अशी तबकडी बहुतेक वेळा शांत होते.

मधलं छिद्र नेमकं मध्यावर आहे का, हे कोरसच्या लांब स्वरांवर कळतं. तिथे सूर हेलकावत असेल, दर सव्वा-दीड सेकंदाला वर-खाली होत असेल, तर एक तर छिद्र सरकलेलं आहे किंवा तबकडी वाकली आहे. सुईचा आर्म फेरीगणिक डावी-उजवीकडे डुलत असेल तर छिद्र, वर-खाली होत असेल तर वाक. किकवर हा दोष समजत नाही, म्हणून दुकानात केवळ सुरुवात ऐकून निर्णय घेऊ नका, सुई मध्यावर नेऊन ठेवा.

कव्हर हा वेगळाच विषय आहे. फॅक्टरीचा डिझायनर पीटर सॅव्हिल याने ते कॉम्प्युटरच्या फ्लॉपीसारखं केलं: पुठ्ठ्यात कापलेली भोकं आणि खाचा, आत चंदेरी पाकीट, आणि दर्शनी बाजूवर ना बँडचं नाव, ना गाण्याचं. कडेला रंगांचे चौकोन आहेत, ती एक सांकेतिक लिपी. तिची किल्ली 'पॉवर, करप्शन अँड लाइज'च्या मागच्या रंगचक्रात आहे. उलगडली की क्रमांक, दोन्ही गाण्यांची नावं आणि बँडचं नाव निघतं. कापीव कव्हर इतकं महाग पडत होतं की प्रत्येक विक्रीमागे फॅक्टरीला तोटा व्हायचा, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. तोट्याची रक्कम मात्र सांगणाऱ्यागणिक बदलते. नंतरच्या छपाईत भोकं न कापता तेच चित्र सपाट छापलं. पण कव्हर कापीव आहे म्हणजे पहिलीच छपाई, असं समजू नका. विक्रेता 'फर्स्ट प्रेस' म्हणून जास्त मागत असेल, तर लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेल्या अक्षरांचा फोटो मागा आणि तो माहितीतल्या प्रतींशी ताडून बघा. कव्हर अस्सल पण आतली तबकडी नंतरची, अशी अदलाबदलही होते.

कापीव कव्हर फाटतं ते भोकाच्या कडेला, चंदेरी पाकिटाचा कोपरा आत सरकवताना तिथे अडकल्यामुळे. उपाय सोपा आहे: तबकडी साध्या अँटिस्टॅटिक पाकिटात घालून कव्हरच्या मागे ठेवा, चंदेरी पाकीट रिकामंच आत राहू द्या, आणि सगळं मिळून एका प्लास्टिकच्या आवरणात घाला.

आता १९८८. क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकर यांनी केलेला रीमिक्स फॅक ७३आर या क्रमांकाने आला आणि ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या स्थानापर्यंत गेला; १९८३मध्ये मूळ गाणं नवव्या स्थानाच्या वर गेलं नव्हतं. ध्वनी जास्त चकचकीत आहे, वरून नवे आवाज चढवलेले आहेत, प्रत्येक वळणावर काहीतरी घडत राहतं. तिथेच तो कमी पडतो. मूळ गाणं श्रोत्याला वाट बघायला लावतं, रीमिक्सला तेवढा धीर नाही. काही आवाजांवर १९८८चा शिक्का इतका ठळक आहे की आज पाच वर्षं आधीचा मिक्सच जास्त ताजा वाटतो. याच वेळी सात इंची पहिल्यांदा आली, चारेक मिनिटांची. रेडिओसाठी ते ठीक होतं, संग्रहाच्या दृष्टीने ती घेण्यात फार अर्थ नाही: सात इंचीच्या सर्वात बाहेरच्या खाचेतही वेग सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आसपासच, आणि गाणं जसं आत सरकतं तसे हाय-हॅट चरचरायला लागतात. १९८८चं घ्यायचंच तर बारा इंची घ्या, तेही मागच्या बाजूच्या 'बीच बगी'साठी. 'द बीच'चं हे नवं रूप पुढच्या बाजूपेक्षा जास्त मोकळं आहे.

१९९५पर्यंत फॅक्टरी बुडाली होती आणि गाणं लंडन रेकॉर्ड्सकडे होतं. त्या वर्षीच्या रीमिक्सपैकी जर्मनीच्या हार्डफ्लोरचा मिक्स खरा कामाचा. टीबी-३०३ या बास सिंथेसायझरच्या चिरकणाऱ्या, वळवळणाऱ्या बासवर या जोडीचा हात बसलेला आहे, आणि तिने गाणं सजवण्याऐवजी सरळ आपल्या प्रकारात ओढून नेलं. मूळ गाण्याच्या खुणा दिसत राहतात, पण उरतो तो अ‍ॅसिड, म्हणजे याच बासवर उभा असलेला डान्स संगीताचा प्रकार. १९८८च्या अर्धवट सजावटीपेक्षा हे प्रामाणिक आहे. जॅम अँड स्पूनचा मिक्स ट्रान्स या डान्स संगीताच्या प्रकाराच्या अंगाने जातो. सुरेल आहे, पण मधेच सैल पडतो. १९९५च्या तबकड्या घेताना मिक्सचं नाव वाचूनच पैसे द्या, कारण 'ब्लू मंडे ९५' या एकाच नावाखाली वेगवेगळे मिक्स वेगवेगळ्या तबकड्यांवर विखुरलेले आहेत.

जुन्या प्रतीच्या मागे धावायचं नसेल तर २०२०ची रीमास्टर केलेली बारा इंची सरळ घ्यावी. सुरुवातीची झीज नाही, दुसऱ्या बाजूला 'द बीच' आहेच. नवी आहे म्हणून तपासायची नाही असं मात्र करू नका. छिद्र सरकलेलं असणं आणि तबकडी वाकलेली असणं हे दोष नव्या तबकड्यांतही निघतात, आणि बदलून मिळायची मुदत ठरावीक दिवसांचीच असते. आली की त्याच दिवशी दोन्ही बाजू पूर्ण वाजवा. फक्त गाणं ऐकायचं असेल, तबकडीचा सोस नसेल, तर न्यू ऑर्डरच्या १९८७च्या 'सबस्टन्स' या संग्रहात मूळ बारा इंची मिक्स पूर्ण लांबीचा आहे.