बोटीच्या इपॉक्सी जोडावर वरून काय मारायचं?

बामणोली-तापोळ्याकडे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला ओढून ठेवलेल्या फायबरच्या बोटींना ऊन दिवसभर झेलावं लागतं. त्यावरचा इपॉक्सीचा (हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या राळेचा) जोड कितीही पक्का असो, उघडा ठेवला तर आधी पिवळा पडतो, मग वरचा थर फुटून हाताला पिठासारखी भुकटी लागते. त्यामुळे वरून काहीतरी मारावंच लागतं.

आमची पहिली पसंती टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) पेंटला, म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन डबे मिसळून मारायच्या रंगाला. फक्त तो अ‍ॅलिफॅटिक, म्हणजे उन्हात न पिवळणाऱ्या प्रकारचा, आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्या. अ‍ॅरोमॅटिक पीयू उन्हात स्वतःच पिवळा पडतो. दोन हात मारून सुकल्यावर ५०-६० मायक्रॉन जाडी पुरते. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. ओलावा लागला तर हार्डनरमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रंगावर बारीक फोड येतात, म्हणून काम एप्रिल-मेमध्ये, सकाळचं दव उडाल्यावर करा. वाफ छातीला वाईट. साधा कापडी मास्क चालत नाही, कार्ट्रिजवाला लागतो.

क्लिअर, म्हणजे पारदर्शक, पीयू लाकडाची नक्षी दिसायला हवी असेल तरच. त्यात यूव्ही-अ‍ॅब्सॉर्बर (उन्हातले अतिनील किरण शोषणारा घटक) असला तरी रंगद्रव्याइतका आडोसा मिळत नाही. तीन-चार हात द्यायचे, दरवर्षी पाहणी करायची, आणि एकदा तडकला की सगळा खरवडायचा. हौस असेल तर करा.

जेलकोटचा मोह होतो, कारण मूळ बोटीवर तोच असतो आणि रंग जुळतो. पण जेलकोट पॉलिएस्टरचा. इपॉक्सीत न मुरलेला हार्डनर शिल्लक असला की जेलकोट सुकत नाही, चिकटच राहतो. ऑइलपेंट स्वस्त, पण ताज्या इपॉक्सीवर त्याचंही तसंच होतं, शिवाय चमक लवकर जाते.

काहीही मारा, तयारी एकच. इपॉक्सीला आठवडाभर मुरू द्या. पृष्ठभागावर येणारा मेणचट थर आधी साध्या पाण्याने स्कॉचब्राइट घासून धुवा. तो पाण्यात विरघळतो, नुसत्या थिनरने पुसून नीट जात नाही. न धुता पॉलिश पेपर मारलात तर तो आणखी आत दाबला जातो आणि वर्षभरात रंगाचे पापुद्रे निघतात. पूर्ण वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून चमक घालवा.

रंग पांढरा किंवा फिकट घ्या. साध्या हवेत मुरलेलं इपॉक्सी बहुधा ५०-६० अंशांच्या आसपास नरम पडू लागतं, आणि गडद रंगाची बोट भर उन्हात तिथवर सहज जाते. पीयू पाण्याच्या रेषेपर्यंतच आणा. कायम पाण्यात राहणाऱ्या भागावर त्याला फोड येतात.