टोपी न घालताच निघालेला मेंदूचा नकाशा

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या हॉटेलांमधले हॉल भाड्याने घेऊन ऑटिझमची (स्वमग्नतेची) मोफत तपासणी शिबिरं भरवली जातात. पत्रक व्हॉट्सॲपवर येतं. त्यात रंगीत मेंदूचं चित्र असतं आणि ‘सेन्सरी’ हा शब्द पाच-सहा वेळा. अशाच एका शिबिरात आमचे ९२ हजार रुपये गेले. तक्रार चालू असल्याने त्या लोकांचं नाव इथे लिहीत नाही. लिहूनही उपयोग नाही, कारण ते नाव बदलतात. त्यांची पद्धत मात्र बदलत नाही, म्हणून ती सविस्तर सांगते.

आम्ही अमळनेरचे. सोनू तेव्हा पाच वर्षांचा होता. मिक्सर लागला की कान दाबून पलंगाखाली जायचा. लग्नसराईत डीजे गल्लीच्या तोंडाशी आला की त्याला उलटी व्हायची. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल कापलं नाही तर शर्ट अंगावर राहत नसे. माझं माहेर रावेरकडचं, घरात केळीचे घड टांगलेले. आणि हा पोरगा सोललेल्या केळाला बोटसुद्धा लावत नाही, वेफर्स मात्र पुडा संपेपर्यंत खातो. भरीत समोर आलं तर ताटच ढकलतो. उलट काही गोष्टी त्याला जास्तच हव्या असतात. बंगईवर (झोपाळ्यावर) तासभर बसेल, गाद्यांच्या घडीत स्वतःला कोंबून घेईल, मे महिन्यात आपण घामाने निथळत असताना तो अंगावर जाड गोधडी मागेल. नातेवाइकांनी याला लाड, हट्ट, नजर लागणं, आईची नोकरी अशी सगळी नावं देऊन झाली होती.

शिबिरातल्या बाईंनी आमच्याकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली आणि मग सोनूबद्दल बोलायला लागल्या. त्याला कोणते आवाज टोचत असतील, कपड्यांची कोणती शिवण खुपत असेल, घट्ट दाबून धरलं की बरं का वाटतं, हे सगळं त्यांनी बरोबर सांगितलं. मी तिथेच रडले. आमच्या पोराला पहिल्यांदा कोणीतरी ओळखलं होतं.

खोटं इथून सुरू होत नाही, हे नीट लक्षात घ्या. बाई बोलत होत्या ते खरंच होतं. काही मुलांचा मेंदू आवाज, स्पर्श, चव, हालचाल वेगळ्या पद्धतीने घेतो. काही संवेदना त्यांना झेपत नाहीत आणि काही पुरत नाहीत. २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांमध्येही हा भाग आला आहे. एकाच मुलात दोन्ही टोकं असू शकतात. त्यांनी सांगितलेलं जवळजवळ सगळं मीच भरून दिलेल्या प्रश्नावलीत होतं, ते नीट वाक्यांत गुंफून मला परत मिळालं. पण वर्षानुवर्षं फक्त टोमणे ऐकलेल्या आईबापाला एवढं पुरतं. निदान खरं निघालं की औषधही खरंच असणार, असं मन आपोआप धरून चालतं.

नंतर ‘ब्रेन मॅपिंग’ होतं. डोक्यावर तारांची टोपी चढवायची, तिच्याखाली चिकट जेल. सोनू न्हाव्याच्या खुर्चीत बसत नाही, तो ही टोपी काय घालू देणार? दोघांनी धरलं, त्याने किंचाळून हॉल डोक्यावर घेतला, टोपी खाली पडली. पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा पडली. बाई म्हणाल्या, “असू द्या, आम्हाला काही सेकंदांचा डेटा पुरतो.” अर्ध्या तासात रंगीत अहवाल हातात आला. लाल, पिवळे, निळे मेंदू, खाली टक्केवारी. भाषा केंद्र इतकं बंद, श्रवण केंद्र तितकं जाम.

ऑटिझमचं निदान मुलाचं वागणं पाहून आणि आईवडिलांकडून वाढीचा इतिहास ऐकून होतं. आपल्याकडे त्यासाठी आयसा नावाची चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, आणि तिच्यात ७० किंवा त्याहून जास्त गुण आले तर ऑटिझम धरतात. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढतात तो मुख्यतः फिट्सची शंका असली तर. रंगीत मेंदू दाखवून ‘अमुक टक्के ऑटिझम’ सांगणारी कुठलीही मान्य तपासणी नाही. सोनूच्या पप्पांनी तेव्हाच विचारलं होतं, टोपी टिकलीच नाही तर हे आकडे आले कुठून? त्यावर उत्तर मिळालं, “साहेब, वडील नेहमी डिनायलमध्ये असतात.” हे वाक्यही ठरलेलं असतं, हे पुढे कळलं. शंका घेणाऱ्याला आजारी ठरवायचं, म्हणजे बायकोच त्याला गप्प करते.

सोनूच्या पप्पांनी नोंदणी क्रमांकही मागितला होता. भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेचं प्रमाणपत्र टांगलेलं होतंच, त्यावर क्रमांकही होता. क्रमांक खराच निघाला. पण तो एका विशेष शिक्षिकेचा होता आणि ती बाई शिबिराला कधी आलीच नव्हती. सोनूला प्रत्यक्ष हाताळणारे दोघे स्वतःला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं आणि हालचाली जमाव्यात म्हणून सराव करून घेणारे, म्हणवत होते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी पुनर्वास परिषदेकडे होतच नाही, महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी राज्य परिषद आहे. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे पुनर्वास परिषदेकडे. पालकांना हा फरक माहीत नसतो आणि भिंतीवरची फ्रेम त्याच्यावरच चालते. म्हणून क्रमांक विचारून थांबू नका. मुलाला जो हात लावणार त्याचं स्वतःचं नाव, त्याची पदवी आणि त्याच नावाची नोंद, तिन्ही जुळवून बघा.

पॅकेजमध्ये तीन गोष्टी होत्या. कानावर लावायचे हेडफोन आणि पेनड्राइव्हमधलं ‘खास सोनूच्या मेंदूसाठी’ बनवलेलं संगीत, कॅप्सूलच्या डब्या, आणि दर महिन्याला जळगावात भेट. काही स्वर गाळून बदललेलं संगीत ऐकवून श्रवण सुधारायची ही कल्पना नवी नाही, बेरार नावाच्या फ्रेंच डॉक्टरची ती जुनी पद्धत. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्येच सांगितलं होतं की परिणाम आणि सुरक्षितता या दोन्ही बाबतीत ती शास्त्रीय कसोटीला उतरलेली नाही. आमच्या हेडफोनवर तर कंपनीचं नावही नव्हतं.

पैसे कसे घेतले ते बघा. दोन हजार रोख, नोंदणी म्हणून. उरलेले ९० हजार ‘बिनव्याजी हप्त्यांवर’, साडेसात हजारांचे बारा हप्ते. एका मुलाने आधार आणि पॅनचे फोटो काढले, मोबाइल मागितला, ओटीपी टाकला. आम्हाला वाटलं शिबिरवाल्यांच्या थेरपी केंद्रालाच हप्ते द्यायचे आहेत. प्रत्यक्षात आमच्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज निघालं आणि केंद्राला सगळी रक्कम एकदम मिळाली. त्यामुळे पुढे केंद्राने गाशा गुंडाळला तरी हप्ता खात्यातून जातच राहिला. थांबवला की वसुलीवाल्यांचे फोन. मोबाइलवरून काढलेलं असं कर्ज ठरावीक दिवसांत दंड न भरता परत करता येतं, ही मुदत देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी कंपनीला बंधनकारक आहे. आम्हाला ते कोणी सांगितलं नाही, आणि कराराची प्रत ई-मेलवर आली तीही त्या केंद्रातल्या मुलानेच टाकलेल्या ई-मेलवर. शिबिरातून बाहेर पडतानाच कर्ज देणाऱ्याचं नाव लिहून मागा. हप्ता शब्द ऐकला की विचारा, कोणाचा?

घाईचा खास उपाय त्यांच्याकडे आहे. “सहा वर्षांनंतर मेंदूची खिडकी बंद होते.” लवकर सुरुवात केली तर फायदा होतो हे खरं आहे, पण मुलं त्यानंतरही शिकत राहतात, कुठली खिडकी वाढदिवसाला बंद होत नाही. सासूबाई त्या दिवशी आमच्यासोबत होत्या. परतताना गाडीत एवढंच म्हणाल्या, “माले काही पटत नही.” त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

कॅप्सूल फोडून दुधात द्यायच्या होत्या. काही दिवसांत सोनू शांत झाला. झोपायला लागला, दुपारीही. भूक वाढली. त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी कळवलं तर टाळ्यांचा पाऊस. तो ग्रुपही ऐकण्यासारखा होता: फक्त ॲडमिनला लिहिता यायचं, बाकीच्यांनी खाजगीत पाठवलेलं ते निवडून टाकायचे. निवड अर्थातच आभाराच्या संदेशांची. मधे एकदा सोनू भयंकर चिडचिड करायला लागला तेव्हा उत्तर आलं की शरीरातले जड धातू बाहेर पडत आहेत, घाबरू नका. गुण आला तर कॅप्सूलचा, त्रास झाला तरी कॅप्सूलचाच गुण. त्याच सुमारास तो पहिल्यांदा “पाणी दे” म्हणाला, त्याचंही श्रेय त्यांनी घेतलं. ऑटिझम असलेली मुलं वाढतच असतात, फक्त त्यांची वाढ सरळ रेषेत होत नाही. मधल्या काळात जे कोणी हात लावून बसलेलं असेल त्याच्या पदरात ते यश पडतं.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. घटकांची यादी नाही, बॅच नाही, मुदत नाही, उत्पादकाचा परवाना नाही, पूरक आहार म्हणावा तर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांकही नाही. “नावच नसलेल्या गोळीबद्दल मी काय सांगू?” ते म्हणाले. पण अशी झोप आणि अशी भूक कशाने येते हे त्यांनी समजावलं. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीवर रिस्पेरिडोनसारखी औषधं डॉक्टर देतात, त्यांनी मूल शांत होतं, भूक आणि वजन वाढतं. आणि ती वजन, रक्त तपासत, मोजून द्यायची असतात. आमच्या डबीत काय होतं हे आजही सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी ठामपणे काही म्हणत नाही. डबी जपून ठेवली आहे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज केला आहे. लेबल नसलेलं काहीही पोराच्या पोटात जाऊ देऊ नका, ते ‘नॅचरल’ असलं तरी. परदेशात २००५ मध्ये असेच ‘धातू काढण्याचे’ उपचार चालू असताना पाच वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा दगावला होता. तिथे इंजेक्शन होतं, इथे कॅप्सूल, पण शरीरातले धातू काढले की ऑटिझम जातो ही समजूत तीच.

बिंग फुटलं ते चोपड्याच्या एका ताईंमुळे. हॉलमधल्या माइकचा आवाज दोघांच्याही मुलांना सोसेना म्हणून आम्ही व्हरांड्यात बसलो होतो, तिथली ओळख. त्यांची मुलगी सोनूच्या अगदी उलट. तिला आवाज पुरतच नाही, भांडी आपटते, पडली तरी रडत नाही. एकदा सहज दोघींनी अहवाल एकमेकींना पाठवले. टक्केवारी तीच, रंग तेच, पानं तीच. पहिल्या पानावर ताईंच्या मुलीचं नाव होतं, दुसऱ्या पानापासून तिचा मुलगा झाला होता. पेनड्राइव्हमधल्या फाइलींची नावंही जुळली. दोन विरुद्ध टोकांच्या पोरांच्या मेंदूसाठी एकच खास संगीत!

आम्ही विचारलं तसे दोघींना ग्रुपमधून काढलं. सोनूच्या पप्पांनी फोन केला तर त्यांनी उलट पुढची पायरी सुचवली, स्टेम सेल (मूळ पेशी) शरीरात सोडायचा उपचार, दुसऱ्या शहरात, खर्च लाखांत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी स्टेम सेल फक्त संशोधनाच्या चाचणीतच वापरता येतात, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पुढच्या महिन्यात हॉटेलवर गेलो तर त्या हॉलमध्ये साड्यांचा सेल लागला होता.

पोलिसांनी अर्ज घेतला, पण पहिलं उत्तर “हा दिवाणी मामला आहे” हेच होतं. ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त उपयोगी पडला. १९१५ या हेल्पलाइनवर आधी नोंद केली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, समोरचा मुंबईचा असो की आणखी कुठला. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर अर्ज भरता येतो. वित्त कंपनीलाही आम्ही प्रतिवादी केलं आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे वेगळी तक्रार आहे. प्रकरण चालू आहे, पैसे परत आलेले नाहीत.

पैशांपेक्षा मला एक गोष्ट जास्त सलते. “सर्टिफिकेट काढू नका, शिक्का बसेल, आपण तर बरा करणार आहोत,” असं सांगून त्यांनी आमचं अपंगत्व प्रमाणपत्र लांबवलं. ऑटिझम २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस अपंगत्वांमध्ये आहे. प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळच देतं, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर. ते असलं की राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरतात. म्हणजे जी थेरपी स्वस्तात झाली असती तिचाच रस्ता त्यांनी अडवला होता. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं केंद्र, ही फुकटातली पहिली पायरी आहे, तेही आम्हाला शिबिरानंतर कळलं.

आता सोनू एका नोंदणीकृत ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जातो. तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, “बरा करते असं मी म्हणणार नाही.” घरी करायला दिलं ते असं: मिक्सर लावण्याआधी त्याला सांगायचं आणि बटण त्यालाच दाबू द्यायचं, ज्वारीची छोटी पिशवी एका खोलीतून दुसरीकडे न्यायला लावायची, शाळेआधी बंगई. वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते तेव्हा संध्याकाळी न जाता सकाळी लवकर, ढोल सुरू व्हायच्या आत जाऊन यायचं. केळाला त्याने अजून हात लावलेला नाही आणि तिला त्याची घाई नाही.

परवा धुळ्याहून एकांनी नवं पत्रक पाठवलं. नाव वेगळं, फोन वेगळा, प्रश्नावली तीच, टायपिंगच्या चुकांसकट. ज्यांच्याकडे असा रंगीत अहवाल असेल त्यांनी ओळखीतल्या दुसऱ्या पालकांचा अहवाल मागून शेजारी ठेवून बघा. जुळला तर दोन्हींच्या प्रती, डबी, पावती आणि कर्जाचा करार सांभाळून ठेवा. आमच्या तक्रारीत आणखी चार अर्जदार आले तर आयोगासमोर ते उपयोगी पडतील, असं आमच्या वकिलांचं म्हणणं आहे.