‘सरकारमान्य बिल्डिंग एनर्जी ऑडिटर’ : 38,500 रुपयांचा निरुपयोगी दाखला

2019 साली मी पुण्यात एका कंपनीत विद्युत देखभालीचे काम करत होतो. ‘पंधरा दिवसांत सरकारमान्य बिल्डिंग एनर्जी ऑडिटर’, म्हणजे इमारतींच्या ऊर्जावापराचे लेखापरीक्षण करणारा, ही जाहिरात वाचून मी एका खासगी संस्थेत नाव घातले आणि तीन हप्त्यांत 38,500 रुपये भरले. माझ्याकडे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आणि चार वर्षांचा अनुभव होता. ऑडिटरच्या राष्ट्रीय परीक्षेसाठी डिप्लोमाधारकाला सहा वर्षांचा अनुभव लागतो, हे मी ऐकून होतो, पण तसे विचारताच संचालक म्हणाले, “ती अट कारखान्यांच्या ऑडिटरला, इमारतींना नाही.” हे धादांत खोटे होते. ऊर्जा संरक्षण कायदा, 2001 नुसार ऑडिटरला प्रमाणित करण्याचे काम केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणजे बीईईचे आहे, तिच्या वतीने राष्ट्रीय उत्पादकता परिषद परीक्षा घेत असे आणि ऑडिटरला चार पेपर द्यावे लागत. इमारतींसाठी त्यात वेगळी, सोपी वाट नव्हती.

एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर दोन शनिवार-रविवार वर्ग भरले. स्पायरल बाइंडिंगच्या ज्या नोट्स आम्हाला दिल्या, ती बीईईचीच मार्गदर्शक पुस्तके होती, फक्त मुखपृष्ठे काढलेली. ती ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. उजेड मोजणारा लक्स मीटर आणि वीजप्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर डब्यातून बाहेर आले ते सामूहिक फोटोपुरते.

मला सर्वांत जास्त लागले ते संस्थेने घेतलेल्या परीक्षेचे. प्रश्नपत्रिका आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर आली होती. त्यात एका कार्यालयीन इमारतीचा ऊर्जा निर्देशांक (ईपीआय), म्हणजे दर चौरस मीटरमागे वर्षाला लागणारी वीज, काढायचा होता: वर्षाचा वापर 6,00,000 युनिट, एकूण क्षेत्रफळ 5,000 चौरस मीटर, त्यांपैकी 1,000 चौरस मीटर पार्किंग. मी सरळ भागून 120 लिहिले आणि मला पूर्ण गुण मिळाले. वास्तविक बीईईच्या तारांकनात, म्हणजे इमारतींना तारे देण्याच्या पद्धतीत, पार्किंगचे क्षेत्र वगळावे लागते, त्यामुळे उत्तर 150 यायला हवे. निर्देशांक जितका कमी, तितकी इमारत चांगली ठरते. म्हणजे माझ्या चुकीने एक उधळी इमारत काटकसरी ठरली असती, आणि ती चूक ज्यांनी पकडायची त्यांनीच तिच्यावर बरोबरची खूण केली होती. आमच्या तुकडीत एकही जण नापास झाला नाही.

पुढे एका महाविद्यालयाने नॅकच्या मूल्यांकनासाठी ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम मला दिले. अहवाल सादर केल्यावर प्राचार्यांनी माझा नोंदणी क्रमांक मागितला आणि माझ्यासमोरच ब्युरोची यादी उघडून पाहिली. त्यात माझे नाव नव्हते. दाखल्यावरच्या क्यूआर कोडमधून त्या संस्थेचेच पान उघडले. प्राचार्य रागावले नाहीत. “तुम्हालाही ठाऊक नव्हते ना?” एवढेच त्यांनी विचारले, तेव्हा मला मान वर करवेना. घेतलेली आगाऊ रक्कम मी दुसऱ्याच दिवशी परत केली.

संस्थेकडे पैसे मागायला गेलो तेव्हा पावत्या नीट वाचल्या. त्यांवर कुठेही ‘अभ्यासक्रम’ किंवा ‘परीक्षा’ असे शब्द नव्हते, सगळीकडे ‘सल्ला शुल्क’ लिहिलेले होते आणि यूपीआयने गेलेली रक्कम एका व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यात जमा झाली होती. ग्राहक मंचात जाण्याची तयारी दाखवल्यावर 15,000 रुपये परत मिळाले, बाकीचे बुडाले.

असा वर्ग लावणाऱ्यांनी आधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: अंतिम परीक्षा कोण घेणार, दाखल्यावर सही कोणाची असणार आणि पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे क्रमांक बीईईच्या यादीत कोठे दिसतील. ‘प्रमाणित’ आणि ‘मान्यताप्राप्त’ हे दोन शब्दही एक समजू नयेत. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर माणूस प्रमाणित होतो. मान्यतेसाठी त्यानंतर प्रत्यक्ष लेखापरीक्षणाचा अनुभव दाखवून ब्युरोकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आमच्या संचालकांनी हे दोन्ही शब्द एकाच दाखल्यावर सोनेरी अक्षरांत छापले होते.