पक्षी महोत्सवात आईसोबत: फेरी की लपण?

पक्षी महोत्सवात पहाटे बहुतेकदा निवड करावी लागते: मार्गदर्शकाबरोबर फेरी, की पाणथळीकाठच्या लपणात, म्हणजे पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून बांधलेल्या आडोशाच्या खोलीत, बसणं. फेरीत अधिवास बदलत जातो, म्हणून जाती जास्त दिसतात. जाणकार माणूस नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखून देतो. पण पंधरावीस जणांच्या घोळक्यात आई मागे पडते, आणि तिनं दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत पक्षी उडालेला असतो.

लपणात जाती मोजक्याच, पण पक्षी आपणहून जवळ येतात. खंड्यानं मासा फांदीवर दोनदा आपटला, चोचीत फिरवला आणि डोक्याकडून गिळला. आईनं हे सगळं बसल्या जागी पाहिलं. तेवढा वेळ माझं कोपर घट्ट धरून होती.

दुर्बीण दोन्हीकडे ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. १०×४२मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही जास्त जाणवते.

पाहिलेल्या जातींची यादी वाढवायची असेल तर फेरी उत्तम. आई बरोबर असेल तर मी लपणच निवडेन, तेही उजाडायच्या आत जाऊन. उशिरा दार वाजलं की काठावरचा थवाच्या थवा उठतो.