‘सगळं धरून’ श्रीलंका : पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

मुलांना घेऊन श्रीलंकेला जायचा बेत असेल आणि सफारी, राफ्टिंग, ट्रेक, व्हेल, हॉटेलं, गाडी, विमा असं ‘सगळं धरून’ एकच आकडा कोणी सांगितला असेल, तर तो आकडा आधी फोडून घ्या. कशाचे किती, ते कोणाला जाणार, कधी जाणार, हे लेखी मागा. आमचे २ लाख ८५ हजार त्या एका आकड्यात गेले. विमानाची तिकिटं आम्ही स्वतः काढली होती म्हणून निदान तेवढी खरी निघाली.

सुरुवात एका रीलपासून झाली. हिरवं जंगल, उघडी जीप, त्यात हसणारं कुटुंब आणि खाली ‘फॅमिली ॲडव्हेंचर स्पेशल’. मेसेज केला तर पाच मिनिटांत फोन. माणूस अस्खलित मराठी बोलणारा. मला ताई, नवऱ्याला सर, सासऱ्यांना काका. धाकटी सात वर्षांची आहे म्हटल्यावर तिचं नाव विचारून घेतलं आणि पुढच्या प्रत्येक फोनवर तिची चौकशी. सासऱ्यांना नुवारा एलियाजवळचं सीता अम्मन मंदिर बघायचं होतं, थोरल्याला राफ्टिंग करायचं होतं, मला कँडी ते एल्ला ती डोंगरातली रेल्वे. प्रत्येकाच्या मनातलं त्याने कार्यक्रमात बसवलं. श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरणाचं नोंदणीपत्र पाठवलं, त्यावर शिक्का, क्रमांक, सही. ते बनावट होतं हे नंतर कळलं. प्राधिकरणाकडे नोंदवलेले टूर ऑपरेटर आणि गाईड त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर शोधता येतात. समोरच्याने पाठवलेला कागद बघत बसू नका, तिथे नाव शोधा.

आता मुख्य युक्ती सांगते, कारण ती इतकी साधी आहे की कोणाच्याही बाबतीत चालेल. शेवटचा हप्ता मागण्याआधी त्याने चारही हॉटेलांची व्हाउचर पाठवली. वर आमची नावं, तारखा, बुकिंग क्रमांक. आणि स्वतःच म्हणाला, “ताई, माझ्यावर विश्वास नका ठेवू, हॉटेलला फोन करून खात्री करा.” मी केला. दोन हॉटेलांना केला. दोघांनीही सांगितलं, हो मॅडम, तुमच्या नावाने खोल्या आहेत. यापुढे कोण शंका घेणार?

खोल्या खरोखरच होत्या. फक्त त्या ‘हॉटेलवर पोचल्यावर पैसे द्या, अमुक तारखेपर्यंत मोफत रद्द करा’ या प्रकारातल्या होत्या. असं बुकिंग करायला एक पैसाही लागत नाही. म्हणून हॉटेलला फोन कराल तेव्हा ‘बुकिंग आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. पैसे भरलेत का, किती भरलेत, आणि हे बुकिंग कोण रद्द करू शकतं, हे तीन प्रश्न विचारा. आणि मेलवर उत्तर मागा.

पैसे एका बचत खात्यात गेले, कोणा व्यक्तीच्या नावावर. कंपनीचं चालू खातं ऑडिटसाठी अडकलंय, असं कारण होतं. वर त्याने हा आमचाच फायदा असल्याचं पटवून दिलं : कंपनीमार्फत भरलं तर जीएसटी आणि टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरायचा आगाऊ आयकर) लागेल, असं भरलं तर तेवढे वाचतील. इथे थोडं थांबून सांगते, कारण ही खूण पक्की आहे. भारतातला जो कोणी परदेशी सहलीचं पॅकेज विकतो, त्याला कायद्याने गिऱ्हाइकाकडून टीसीएस घ्यावा लागतो. दर अधूनमधून बदलतात, पण नियम आहे. त्यासाठी तो पॅन मागतो, आणि घेतलेली रक्कम आपल्या आयकराच्या खात्यावर दिसते, विवरणपत्र भरताना वळती होते. म्हणजे ते पैसे बुडत नाहीत. जो पॅनच मागत नाही आणि टीसीएस वाचवून देतो म्हणतो, त्याला आपला व्यवहार कागदावर येऊ द्यायचा नसतो. आमच्याकडे पावती म्हणून काय होतं, तर व्हॉट्सॲपवरचा एक अंगठा आणि ‘रिसीव्ड, थँक यू ताई’.

कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर पाटी घेऊन ड्रायव्हर उभा होता. सभ्य, शांत, पन्नाशीचा माणूस, गळ्यात त्याचं चालक-गाईडचं ओळखपत्र. गाडी चांगली. आम्ही खुशीत हबरणाला निघालो. संध्याकाळी हॉटेलवर पोचलो आणि रिसेप्शनवरच्या मुलीने पासपोर्ट घेतले, बराच वेळ काहीतरी शोधलं आणि मग काही न बोलता स्क्रीन आमच्याकडे वळवली. माझं नाव होतं. नवऱ्याचं होतं. पुढे लाल अक्षरात ‘रद्द’ आणि तारीख, वेळ. आम्ही शेवटचा हप्ता पाठवला त्याच संध्याकाळची वेळ, तासाभराच्या आतली. उरलेल्या तीन हॉटेलांना तिथूनच फोन लावले. तिन्हीकडे तेच.

त्याचा फोन बंद. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, “मॅडम, मला फक्त आजच्या दिवसाचे अर्धे पैसे आलेत. बाकीचे उद्या देतो म्हणाला होता.” म्हणजे तोही फसलेला. बुडवायचंच होतं तर ड्रायव्हर तरी का पाठवला, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर सायबर पोलिसांशी बोलताना उलगडलं. विमानतळावर कोणी आलंच नसतं तर आम्ही तिथूनच बँकेला फोन केला असता. गाडी आली म्हणून आणखी सहा-सात तास आम्ही निश्चिंत राहिलो, आणि तेवढ्यात खात्यातले पैसे एटीएममधून निघत राहिले. ड्रायव्हरवर केलेला तो छोटासा खर्च त्याने वेळ विकत घेण्यासाठी केला होता.

त्या रात्री त्याच हॉटेलात स्वतःच्या पैशाने खोल्या घेतल्या. मुलं झोपल्यावर ड्रायव्हरला बोलावून कार्यक्रमाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने पेनाने एकेक ओळ खोडायला सुरुवात केली आणि माझ्या अंगावर काटा आला. आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. ‘याला’ नॅशनल पार्कमध्ये बिबट्यांसाठी जो भाग प्रसिद्ध आहे तो ब्लॉक १, कोरड्या दिवसांमुळे साधारणपणे १ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर बंद ठेवतात. आमची सफारी ५ तारखेची. मिरिसाला व्हेल बघायचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. श्रीपाद पर्वत, ज्याला ॲडम्स पीक म्हणतात, त्याची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होते आणि मेच्या पौर्णिमेला संपते. एरवी साडेपाच हजार पायऱ्यांच्या त्या वाटेवर रात्री दिवेसुद्धा नसतात. आणि त्या वाटेवर तो माझ्या अडुसष्ट वर्षांच्या सासऱ्यांना मध्यरात्री चढवणार होता. सकाळी सिगिरियाचा खडकावरचा किल्ला आणि दुपारी कितुलगलाला राफ्टिंग, असंही एका दिवसात लिहिलं होतं. तेवढं अंतर कापायलाच तिथल्या रस्त्यांवर चार तासांहून जास्त लागतात. कोणाचा तरी जानेवारीतला कार्यक्रम उचलून वर आमच्या तारखा टाकल्या होत्या.

म्हणून सांगते, कार्यक्रम हातात आला की प्रत्येक ठिकाणापुढे महिना लिहून तपासा. उष्ण कटिबंधातला देश म्हणजे बारा महिने सगळं चालू, असं नसतं. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर असतो, तेव्हा पूर्वेकडे त्रिंकोमालीला समुद्र चांगला असतो. आम्हाला खरं तर मिन्नेरियाच्या तळ्याकाठी जमणारे हत्ती दाखवायला हवे होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते शेकड्यांनी येतात आणि आम्ही गेलो तेव्हाही मोठे कळप होते. त्या कार्यक्रमात मिन्नेरियाचं नावही नव्हतं. खरा जाणकार माणूस ऑक्टोबर म्हटल्याबरोबर ते नाव घेतो.

रेल्वेचं तिकीटही असंच. सीट नंबरासकट पीडीएफ त्याने जुलैमध्ये पाठवली होती. श्रीलंका रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ३० दिवस आधी खुलं होतं. जुलैमध्ये ऑक्टोबरची सीट कोणाकडेच असू शकत नाही. सिगिरियाच्या तिकीट खिडकीवर आणखी एक गोष्ट कळली. भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना तिथे पासपोर्ट दाखवून इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा बराच कमी दर लागतो. त्याने आमच्याकडून पाचही जणांचे पूर्ण परदेशी दराने घेतले होते. प्रामाणिकपणे सहल घडवणारे काही एजंटही हा फरक खिशात घालतात, तेव्हा प्रवेश शुल्क पॅकेजमध्ये धरूच देऊ नका. पासपोर्ट जवळ ठेवा, खिडकीवर स्वतः भरा. ईटीएचंही (श्रीलंकेत शिरण्यासाठी आधी ऑनलाइन काढायची परवानगी) तेच : श्रीलंकेच्या इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळ ईटीए डॉट जीओव्ही डॉट एलके आहे, आणि त्याच्यासारखी दिसणारी, भरमसाठ ‘प्रोसेसिंग’ लावणारी कितीतरी खासगी पानं शोधात आधी वर येतात.

पैशांचं दुःख आहेच. पण जिथे माझा जीव खरंच हादरला ती गोष्ट वेगळी. पॅकेजमध्ये प्रवास विमा होता. आमची पाचही नावं, जन्मतारखा, पॉलिसी क्रमांक, आणि ठळक अक्षरात ‘साहसी खेळ समाविष्ट’. हबरणाच्या त्या रात्रीनंतर मला त्या कागदाचाही भरवसा वाटेना. नुवारा एलियाला पोचल्यावर विमा कंपनीच्या संकेतस्थळावरून नंबर घेतला, कागदावर छापलेला नाही, आणि फोन केला. असा पॉलिसी क्रमांकच नव्हता. म्हणजे सिगिरियाच्या बाराशे पायऱ्या धाकटीला चढवल्या, जीपमधून फिरलो, ते सगळं कुठल्याही विम्याशिवाय. काही झालं असतं तर हॉस्पिटलच्या दारात तो कागद पुढे केला असता आम्ही.

दुसऱ्या दिवशी कितुलगलाला केलानी नदीवर गेलो. तिथल्या राफ्टिंगवाल्याने धाकटीकडे बघितलं, वय विचारलं, पोहता येतं का विचारलं आणि सरळ नाही म्हणाला. फोनवरच्या आमच्या माणसाने मात्र तिला ‘बिनधास्त बसवू’ असं सांगितलं होतं. थोरल्याला तो घ्यायला तयार होता, पण विमा नाही म्हटल्यावर आम्हीच त्याला पाण्यात जाऊ दिलं नाही. महिनोन्‌महिने व्हिडिओ बघून आलेला चौदा वर्षांचा मुलगा हेल्मेट परत देताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही. या एका गोष्टीचा राग माझा अजून गेलेला नाही. विमा स्वतः काढा, भारतातून निघण्याआधी काढा, आणि राफ्टिंग, झिपलाइन, डायव्हिंग त्यात आहे का ते पॉलिसीच्या अटींमध्ये वाचा. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात.

बाकीची सहल त्या ड्रायव्हरमुळे झाली. त्याला रोजचे पैसे रोज रोख दिले. ‘याला’ पार्क बंद म्हणून उडवलवे पार्कमध्ये हत्ती दाखवले, सासऱ्यांना सीता अम्मनला नेलं. रेल्वेच्या राखीव सीट नव्हत्या, गर्दीत उभं राहून जेवढा जमला तेवढा प्रवास केला.

तक्रारीचं सांगते, कारण यात वेळ फार मोलाचा आहे. भारतात १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. रोमिंगवरून तो मला लागला नाही. रात्री राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, आणि इकडे भावाने १९३०ला फोन करून माझ्या बँकेलाही कळवलं. त्यामुळे समोरचं खातं गोठलं, पण तोपर्यंत बहुतेक पैसे गेले होते. ४१ हजार तेवढे अडकून राहिलेत. खातेदार म्हणजे तो माणूस नव्हेच. आपलं खातं भाड्याने देणारा कोणी भलताच निघाला. परदेशात असताना असं झालं तर घरच्या एका माणसाकडे आधीच व्यवहारांचे तपशील देऊन ठेवा, तो इकडून तुमच्याआधी हालचाल करू शकतो. श्रीलंकेतच काही अडलं तर तिथल्या पर्यटन खात्याची १९१२ ही हेल्पलाइन आहे आणि पोलिसांची ११९. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे बँकेकडे वाद घालून परत मागता येतात, यूपीआयने एकदा गेले की तो मार्ग जवळपास बंद.

त्याचं ते पान बंद झालं. गेल्या महिन्यात नणंदेने मला एक रील पाठवली, बालीच्या फॅमिली ॲडव्हेंचर पॅकेजची. नाव नवं, नंबर नवा, पण जीपमधलं हसणारं कुटुंब तेच. ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा तुटलेला आणि बॉनेटवर पिवळी पट्टी असलेली हिरवी जीप. ती कुठे दिसली तर पैसे पाठवू नका, रीलची लिंक आणि नंबर सायबर पोर्टलवर टाका.