चिपी विमानतळ: वर्षभर पुणे–सिंधुदुर्ग ये-जा केल्यानंतर

परवाचं पुणे–चिपी विमान रद्द झालं. निरोप आला तेव्हा मी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर रिक्षातून सामान उतरवत होतो. कारण हवामान. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण हवामानामुळे रद्द झालं की नियमाने भरपाई नाही. रिक्षाचे आणि ऐन वेळी काढलेल्या स्लीपर बसचे पैसे माझ्या खिशातून गेले.

त्याबद्दल तक्रार नाही. चिपी सड्यावर, म्हणजे उंच कातळी पठारावर आहे, पावसात ढग खाली येतात. उपकरणांच्या आधाराने उतरायची सोय नसली की वैमानिकाला पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं. नाही दिसलं तर त्याने उतरूच नये. जून ते सप्टेंबर कोर्टाची तारीख किंवा लग्न असेल तर या विमानावर विसंबू नका, एवढंच.

माझा राग आहे तो फाटकाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर. अडीच हजार मीटरची धावपट्टी झाली, 2018च्या सप्टेंबरात चाचणीच्या विमानातून गणपती आला, 9 ऑक्टोबर 2021ला उद्घाटन झालं. आणि कुडाळपर्यंतच्या वीस-पंचवीस किलोमीटरचं काय, ते अजून ठरलेलं नाही! पुण्याहून तासाभरात उतरायचं आणि बाहेर येऊन गाडी शोधत बसायचं. पहिल्या खेपेला कुडाळपर्यंत तिकिटाच्या निम्म्याहून जास्त भाडं दिलं. गाडीवाल्याला दोष देववत नाही. तो कुडाळहून रिकामा येतो, आणि विमान आलंच नाही तर त्याचा दिवस बुडतो.

म्हणून विमानाच्या वेळेला बांधलेली बस हवी. एक परुळ्यावरून कुडाळ स्टेशनला, दुसरी मालवणला. विमानाला उशीर झाला तर बसही थांबेल. इथे येणाऱ्या एटीआर या छोट्या विमानातून सत्तर माणसं उतरू शकतात, त्यातली वीस जरी बसली तरी गाडी भरते.

2023च्या जानेवारीत गोव्यातलं मोपा विमानतळ सुरू झालं तेव्हा चिपीची गरज संपली, असं माझं ठाम मत होतं. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीवाल्यांना आजही मोपाच सोयीचं. पण आमचं गाव मालवण तालुक्यात, कट्ट्याच्या अलीकडे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला पुण्याहून गावी न्यायचं होतं, आणि घाटातून रात्रभर बसणं तिला झेपलं नसतं. चिपीला कर्मचाऱ्यांनी तिला इतक्या जपून उतरवलं की तेव्हापासून या विमानतळाविरुद्ध मी कोणाचं ऐकून घेत नाही. चाकाच्या खुर्चीवरून बाहेर येताच तिने विचारलं, "झिला, गाडी इली काय रे?" भाचा गाडी घेऊन आला होता म्हणून बरं. ज्यांच्या घरी गाडीही नाही आणि भाचाही नाही, त्यांनी काय करायचं?

छोट्या विमानतळांच्या विमानांना सरकारी आधार देणाऱ्या उडान योजनेतली तीन वर्षं झाल्यावर 2024च्या ऑक्टोबरात मुंबईचं विमान थांबलं होतं. पुण्याचं असं होऊ नये. सरकारी आधार संपला की विमान भरलेल्या खुर्च्यांवरच चालतं, आणि पुढच्या गाडीचं भाडं ऐकून माझ्या ओळखीचे कितीतरी जण सरळ रात्रीची बस धरतात. त्या खुर्च्या अशाच रिकाम्या राहतात.

तोवर जाणाऱ्यांनी गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी आणि परतीच्या रिकाम्या फेरीचं भाडं आधी ठरवून घ्यावं. मी तर आता लोहगावच्या रांगेतच मोठ्याने विचारतो, "कुडाळकडे कोण?" बहुतेक वेळा तिघं-चौघं जमतात आणि भाडं वाटून जातं.